हिंडण्याची मुभा कोणाला?

आमच्या सांगलीकडच्या नात्यागोत्यात अलीकडे एकाच विषयावर वारंवार बोलणे होते. मुले परदेशात किंवा पुण्या-मुंबईला गेली, आईवडील गावात राहिले, तर म्हातारपणी त्यांचे कोणी पाहायचे? कोणी ज्येष्ठांच्या वसाहतीत फ्लॅट घ्यायला सुचवतो, कोणी वृद्धाश्रमाचे नाव निघताच उठून जातो, तर कोणी २००७ च्या कायद्याचा दाखला देतो, ज्याने आईवडिलांचा सांभाळ ही मुलांची कायदेशीर जबाबदारी ठरवली आणि निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिना दहा हजार रुपये ठेवली. या बोलण्यात आम्हा दोघांचा विषय निघाला की माझ्या थोरल्या वहिनी मला फोनवर स्पष्टच सांगतात, "वन्सं, ओहायोतलं भरलं घर विकलंत आणि या वयात गाडीत राहताय. आजारी पडलात तर कोण आहे तिथं?" त्यांचा प्रश्न काळजीपोटी आलेला आहे आणि तो रास्तही आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट मांडावे असे मला वाटते.

निवृत्तीनंतर आम्ही घर विकले आणि एक पिकअप ट्रक व त्याला जोडून ओढायचा फिफ्थ व्हील ट्रेलर घेतला. त्यात पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज आणि न्हाणीघर आहे. पाण्याच्या टाक्या तीन असतात, एक स्वच्छ पाण्याची, एक मोरीच्या सांडपाण्याची आणि एक शौचालयाची, आणि त्यांतल्या शेवटच्या दोन ठराविक दिवसांनी अधिकृत जागी जाऊन रिकाम्या कराव्या लागतात. तेव्हापासून कॅन्सस, नेब्रास्का, साउथ डकोटा, न्यू मेक्सिको, ॲरिझोना अशा राज्यांतल्या छोट्या गावांतून आमचे राहणे होते. वहिनींना आणि इतर अनेकांना यामागे आमचे धाडस किंवा आमचा पैसा दिसतो. दोन्हींचा थोडा वाटा आहे हे मी नाकारत नाही, पण आमचे हिंडणे मुख्यतः ज्यांवर उभे आहे त्या सार्वजनिक सोयी आहेत, आणि गावाकडच्या चर्चेत त्यांचे नाव क्वचितच निघते.

पहिली सोय पत्त्याची. घर विकले की माणसाचा पत्ता जातो आणि पत्ता गेला की वाहन परवाना, विमा, बँक, मतदान हे सारेच अडते. साउथ डकोटाने यावर मार्ग काढलेला आहे. टपाल स्वीकारून पुढे पाठवणाऱ्या संस्थेकडे पत्ता घ्यायचा, राज्यातल्या एखाद्या हॉटेलात किंवा कॅम्पग्राउंडवर एक रात्र राहिल्याची पावती दाखवायची, की तिथला वाहन परवाना मिळतो. आम्ही तो तसाच काढला. टेक्सस आणि फ्लोरिडा याच कारणासाठी लोकप्रिय आहेत, शिवाय या तिन्ही राज्यांत राज्याचा प्राप्तिकर नाही. अर्थात यावर तिथेही वाद आहे. ज्याने गावात एक रात्र काढली त्याने गावाच्या निवडणुकीत मत का द्यावे, असा स्थानिकांचा सवाल असतो, आणि २०२३ मध्ये साउथ डकोटाने मतदार नोंदणीसाठी किमान तीस दिवसांच्या वास्तव्याची अट घातली. आमच्यासारख्यांना ती गैरसोयीची असली तरी मला ती अन्यायाची वाटत नाही. जिथल्या शाळेचा कर आपण भरत नाही, तिथल्या शाळा समितीवर कोण असावे हे आपण ठरवू नये.

पण या पत्त्याचा विचार करताना मला आपल्याकडची पालावरची माणसे आठवतात. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि १९५२ साली ज्यांना त्या कायद्यातून सोडवले, त्या भटक्या-विमुक्तांच्या नातवंडा-पतवंडांना आजही रहिवासाचा पुरावा नाही म्हणून रेशनकार्डासाठी आणि जातीच्या दाखल्यासाठी वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. हिंडणे हा त्यांचा पिढीजात जीवनक्रम आहे, आमची ती निवृत्तीनंतरची निवड आहे, आणि तरीही पत्ता आम्हाला एका रात्रीच्या पावतीवर मिळाला. अमेरिकेचे कौतुक करायला मी हे लिहीत नाही. फिरत्या माणसालाही नागरिक म्हणून नोंदवून घेण्याची रीत एखादे सरकार मनावर घेतले तर बसवू शकते, एवढे यातून दिसते.

अमेरिकेतही ही रीत सर्वांना सारखी लागू नाही. चकचकीत ट्रेलर घेऊन आलेल्या निवृत्त जोडप्याचे गावात स्वागत होते, पण तितक्याच वयाची एखादी बाई जुन्या व्हॅनमध्ये झोपली तर रात्री पोलीस काच ठोकतात. ऑरेगनमधल्या ग्रँट्स पास या लहान शहराच्या खटल्यात २८ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की सार्वजनिक जागी मुक्काम करणाऱ्यांना दंड करणे घटनाबाह्य नाही, मग त्यांना दुसरीकडे निवारा उपलब्ध असो वा नसो. हा निकाल मला फार अस्वस्थ करतो, कारण आम्ही ज्यांच्या शेजारी मुक्काम करतो त्यांच्यात अशी माणसे पुष्कळ असतात. २००८ च्या मंदीत घर किंवा साठवलेली पुंजी गमावलेले, केवळ सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाच्या, पैशांवर जगणारे लोक आरव्हीत, म्हणजे अशा राहत्या गाडीत, राहतात ते भाडे परवडत नाही म्हणून. उन्हाळ्यात ते सरकारी कॅम्पग्राउंडवर यजमान म्हणून काम करतात, म्हणजे शौचालये धुतात, पावत्या तपासतात आणि त्या बदल्यात जागा मिळवतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटाच्या सीमेवरच्या रेड रिव्हर खोऱ्यात साखरबीटच्या हंगामाला जातात.

बीटच्या हंगामात बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात, थंडी हाडांत शिरते आणि ढिगांजवळ उभे राहून यंत्रे सांभाळावी लागतात. साठी-पासष्टी ओलांडलेली जोडपी हे काम करताना मी पाहिली आहेत. माझे बालपण साखर कारखान्याच्या आसपास गेले, त्यामुळे ते पाहताना मला बीडकडून आलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या डोळ्यांपुढे येत. साखर तीच, हंगामी स्थलांतर तेच, नवरा-बायकोने जोडीने राबणेही तेच. पण बीटच्या कामगाराला मालकाकडून वीज-पाण्याच्या जोडणीसह गाडी लावायची जागा मिळते, तासाचा हिशेब होतो, आणि जादा तासांचे पैसे मिळतात. आपल्याकडे कोयता, म्हणजे तोडणी करणारी नवरा-बायकोची जोडी, उचल घेऊन बांधला जातो, मुक्काम पाचटाच्या कोपीत असतो, मुलांची शाळा बुडते, आणि बायकांना अंधार पडेपर्यंत आडोशासाठी थांबावे लागते. बीडमध्ये ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची प्रकरणे २०१९ मध्ये उघड झाली तेव्हा मी अमेरिकेत बसून ती वाचली, आणि माझ्या लहानपणी त्या कोप्या शाळेच्या वाटेवरच होत्या, हे मनातून जाईना. म्हातारपणी हिंडण्यावर बोलताना पोटासाठी हिंडणाऱ्यांना बाजूला ठेवणे मला जमत नाही.

दुसरी सोय जमिनीची. पश्चिमेकडच्या राज्यांत ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याकडे सुमारे साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे आणि तिच्या बऱ्याच भागावर कोणीही अठ्ठावीस दिवसांच्या काळात चौदा दिवस विनामूल्य राहू शकतो. ॲरिझोनातले क्वार्ट्झसाइट हे जेमतेम अडीच हजार वस्तीचे वाळवंटी गाव हिवाळ्यात आरव्हींनी भरून जाते, कारण गावालगतच्या सरकारी जमिनीवर सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या पूर्ण मोसमाचा परवाना १८० डॉलरमध्ये मिळतो. आम्ही तिथे होतो तेव्हा शेजारी एक निवृत्त शाळाशिक्षिका एकटी राहत होती. तिचे कॅलिफोर्नियातले भाडे महिन्याला जितके होते, त्याच्या लहानशा हिश्श्यात तिचा पूर्ण हिवाळा निघत असे. ही जमीन मूळ रहिवाशांकडून घेतलेली आहे, हे मात्र विसरता येत नाही. नेब्रास्कात बीॲट्रिस गावाजवळ १८६२ च्या होमस्टेड कायद्याच्या स्मरणार्थ राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. त्या कायद्याने वसाहतकऱ्यांना १६० एकर जमीन दिली, आणि त्याच परिसरात ओटो-मिसुरिया जमातीची वसतिस्थाने होती.

छोट्या गावांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण भारतातून पाहिले की अमेरिका म्हणजे न्यूयॉर्क आणि सिलिकॉन व्हॅली एवढीच दिसते. कॅन्सस-नेब्रास्कातले गाव दुरून धान्याच्या उंच कोठारावरून आणि पाण्याच्या टाकीवरून ओळखू येते. मुख्य रस्त्यावरची निम्मी दुकाने बंद असतात आणि हायस्कूल शेजारच्या गावात विलीन झालेले असते. तरीही ग्रंथालय उघडे असते, तिथे वायफाय आणि स्वच्छतागृह असते, आणि गावच्या बागेत एक-दोन विजेचे खांब प्रवाशांसाठी राखून शेजारी देणगीची पेटी ठेवलेली असते. आगीचा बंब स्वयंसेवक चालवतात आणि त्याच्या खर्चासाठी शनिवारी सकाळी पॅनकेकची पंगत बसते. त्या पंगतीत आमच्या शेजारी बसणारी म्हातारी माणसे जवळजवळ सारखीच गोष्ट सांगतात. मुलगा डेन्व्हरला, मुलगी डॅलसला, शेत भाडेपट्ट्याने दिलेले, आणि घर विकत घ्यायला कोणी नाही. मुले दूर गेल्याचे दुःख आपण भारतीयांनीच सोसले आहे असे आपण धरून चालतो, म्हणून नेब्रास्कातला शेतकरी जेव्हा तेच शब्द बोलतो तेव्हा ऐकणारा स्तब्ध होतो. फरक असा की तिथली चर्चा मुलांच्या कर्तव्यावर थांबत नाही. गावचे रुग्णालय टिकेल का, रुग्णवाहिकेला चालक मिळेल का, याच्या बैठका होतात, आणि त्या बैठकांना म्हातारी माणसे स्वतः जातात.

त्या रुग्णालयाचा आम्हालाही उपयोग झाला. नेब्रास्कातल्या एका गावी रात्री माझ्या पतींच्या छातीत धडधड वाढली, आणि आम्ही १९९७ च्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या योजनेतल्या एका छोट्या रुग्णालयात गेलो. अशा रुग्णालयात जास्तीत जास्त पंचवीस खाटा असतात आणि दूरवरच्या वस्तीसाठी केंद्र सरकार त्यांना खर्चाप्रमाणे पैसे देते. पतींना तिथे स्थिर करून पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवले गेले. आमचे मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, मूळ स्वरूपातले असल्यामुळे ते कोणत्याही राज्यात चालले. खासगी कंपन्यांमार्फत मिळणारा मेडिकेअर ॲडव्हांटेज घेतला असता तर डॉक्टर त्यांच्या यादीतले आहेत का हे आधी पाहावे लागले असते, म्हणून फिरतीवर निघणाऱ्या प्रत्येकाला मी हा फरक आवर्जून सांगते. ३० जुलै १९६५ रोजी मिसुरीतल्या इंडिपेंडन्स गावी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली, आणि योजनेचे पहिले कार्ड तिथल्याच माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना मिळाले. ती जागा पाहायला आम्ही मुद्दाम गेलो होतो.

वहिनींच्या प्रश्नाचा दुसरा भाग उरतो. एकदा बरे होऊन परत हिंडता आले, पण जेव्हा गाडी चालवणेच थांबेल तेव्हा काय? आरव्हीत राहणाऱ्यांच्या एस्केपीज या संघटनेने टेक्ससमधल्या लिव्हिंग्स्टन येथे यासाठी केंद्र चालवले आहे. तिथे माणूस स्वतःच्याच गाडीत राहतो, जेवण, औषधे आणि दिवसाची देखभाल केंद्राकडून मिळते. आम्ही ते पाहून आलो आहोत. ते वृद्धाश्रमासारखे नाही असे मी म्हणणार नाही, काही बाबतींत ते तसेच आहे. तिथे जाण्याचा निर्णय मात्र आम्ही आमच्या हातपायांत बळ असताना घेतला आहे आणि तो मुलांना कळवला आहे. या निर्णयाचा ताण त्यांच्यावर पडू नये एवढीच आमची इच्छा होती.

आता गावाकडे वळते. माझे थोरले बंधू पंचाहत्तर ओलांडून गेले आहेत, म्हणून ऑगस्ट २०२२ पासून त्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. ही योजना उत्तम आहे आणि ती टिकली पाहिजे. वहिनींनाही निम्म्या भाड्यात जाता येते. तरीही त्या घराबाहेर पडत नाहीत. मी खोदून विचारले तेव्हा कळले की स्थानकावरच्या स्वच्छतागृहाच्या भीतीने त्या प्रवासाच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत आणि मग दोन दिवस आजारी पडतात. मुंबईत २०११ पासून स्त्रियांनी "राइट टू पी", म्हणजे लघवीला जाण्याचा हक्क, म्हणून जी मोहीम चालवली तिच्याबद्दल आमच्या घरात कधी बोलणे झाले नव्हते. इकडे अमेरिकेत महामार्गावर राज्य सरकारांनी बांधलेली विश्रांतिस्थळे आहेत, तिथले स्वच्छतागृह विनामूल्य असते, आणि त्याच्या भरवशावर सत्तरीची बाई दिवसाला तीनशे किलोमीटर बिनघोर जाते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यात पर्यटकांच्या गाड्या उभ्या करायच्या जागा आणि तिथल्या सुविधांचा विचार आहे. तोच विचार प्रत्येक तालुक्याच्या एसटी स्थानकापासून सुरू केला तर वहिनींसारख्या लाखो स्त्रियांना त्याचा लाभ होईल.

रेल्वेचेही तसेच. मार्च २०२० पर्यंत साठीवरच्या पुरुषांना चाळीस आणि अठ्ठावन्न वर्षांवरच्या स्त्रियांना पन्नास टक्के सवलत होती, ती साथीच्या काळात बंद झाली आणि परत आली नाही. म्हातारपणी आईवडिलांना कोणी सांभाळायचे यावर आपण जितका वेळ भांडतो, त्यातला काही वेळ ही सवलत परत मागण्यासाठी द्यायला हवा. वहिनींना मी तेच सांगितले. तुम्ही आणि दादा आमच्याकडे येऊन क्वार्ट्झसाइटला महिनाभर राहा ही माझी इच्छा आहेच, पण त्याआधी तुम्हाला इस्लामपूरहून पंढरपूरला पोटभर पाणी पिऊन जाता यावे, आणि त्यासाठी नगरपालिकेत अर्ज लिहायचा असेल तर मसुदा करून द्यायला मी तयार आहे.