हुकूमशहा व्हायचंय? आधी मटण सोडा

हुकूमशहा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पदकांनी छाती मढवलेला, सिगार ओढणारा आणि परदेशी बँकेत गुपचूप खातं ठेवणारा गडी उभा राहतो. असला नमुना गिरवू नका. पनामाच्या नोरिएगाचं काय झालं आठवा: अमेरिकेच्या तुरुंगात वर्षानुवर्षं खडी फोडल्यासारखं आयुष्य. तुम्हाला बारा-तेरा वर्षं निवांत राज्य करायचं असेल आणि मेल्यावरही ‘माणूस मात्र स्वच्छ होता हो’ असं म्हणवून घ्यायचं असेल, तर गुरू एकच. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरचा जनरल माक्सिमिलियानो एर्नान्देस मार्तिनेस.

दारू नाही, मांसाहार नाही. सरकारी तिजोरीवर हात मारल्याची त्याची ख्याती नाही. असा माणूस काहीही करू शकतो, कारण त्याच्याबद्दल वाईट बोलायला लोकांची जीभच रेटत नाही.

सत्तेवर येताना घाई नको. मार्तिनेस राष्ट्राध्यक्ष आराउहोचा उपाध्यक्ष होता, शिवाय युद्धमंत्रीही. जगात मंदी आली, कॉफीचे भाव कोसळले. त्या देशाची जवळजवळ सगळी निर्यात म्हणजे कॉफी, त्यामुळे तिजोरीत खडखडाट झाला आणि सैनिकांचे पगार थकले. २ डिसेंबर १९३१ ला तरुण अधिकाऱ्यांनी बंड केलं आणि दोन-चार दिवसांत खुर्ची आणून उपाध्यक्षांच्या पायाशी ठेवली. तुम्हीही असंच करा. खुर्चीच्या शेजारी उभे राहा, चेहरा गंभीर ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी दार फोडू द्या.

आता अध्यात्म. याशिवाय चालणार नाही. मार्तिनेस थिऑसॉफिस्ट होता, म्हणजे पूर्वेकडचं अध्यात्म आणि गूढविद्या मानणाऱ्या पंथाचा, आणि इथे आपली मान थोडी ताठ व्हायला हरकत नाही, कारण हा माल अर्धा आपल्याकडचा. या पंथाचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईत उतरले, तीन-चार वर्षं इथेच ठाण मांडून मग मद्रासच्या अड्यारला गेले. पुनर्जन्म आणि कर्म हे शब्द त्यांच्या पंथाबरोबर समुद्र ओलांडून कॉफीच्या मळ्यांपर्यंत पोचले. जनरलसाहेबांनी त्यांचा केलेला उपयोग बघा. माणूस मारण्यापेक्षा मुंगी मारणं मोठं पाप, कारण माणूस पुन्हा जन्म घेतो आणि मुंगी कायमची मरते, हे वचन त्यांच्या नावावर आहे. आपल्याकडच्या कुठल्याही कीर्तनकाराने त्यांना तिथल्या तिथे थांबवलं असतं. अहो, चौऱ्याऐंशी लक्ष योनींत मुंगीचाही नंबर लागतो! पण साल्वादोरमध्ये कीर्तनकार नव्हता, आणि जनरलना हिशोब सोयीचा वाटला.

हिशोबाची परीक्षा लगेच झाली. जानेवारी १९३२ मध्ये पश्चिमेकडच्या कॉफीपट्ट्यात उठाव होणार होता. त्याचा म्होरक्या फाराबुन्दो मार्ती आधीच पकडला गेला, तरी २२ जानेवारीच्या रात्री शेतमजूर उठलेच. बरेचसे पिपिल आदिवासी, हातात बहुतेकांच्या नुसते कोयते. इसाल्को, हुआयुआ, नाउइसाल्को अशी काही गावं त्यांनी दोन-तीन दिवस ताब्यात ठेवली. उठाववाल्यांनी मारलेल्यांचा आकडा शंभराच्या आसपास. मग लष्कर आलं. आकाहुत्ला बंदराबाहेर कॅनडाच्या दोन युद्धनौका मदतीला येऊन थांबल्या होत्या, पण गरज पडली नाही.

गावं परत मिळाल्यावर खरं काम सुरू झालं, हे टिपून ठेवा. लढाईत माणसं मारणं कोणालाही जमतं. उठाव मोडल्यानंतर आठवडेच्या आठवडे शांतपणे मारत राहण्यासाठी चारित्र्य लागतं. ओळख पटवायला पुरावा कशाला? अंगावर आदिवासी कपडे, कमरेला कोयता, झालं. इसाल्कोचा पुढारी फेलिसियानो आमा याला फासावर लटकवलं. मार्तीला १ फेब्रुवारीला गोळ्या घातल्या. एकूण किती मेले? दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत आणि त्याही वर आकडे सांगतात. देशाची लोकसंख्या जेमतेम पंधरा लाख. एवढी मोठी तफावत राहिली, कारण मोजणी करायला कोणी ठेवलंच नव्हतं. वह्या चोख ठेवायच्या त्या तिजोरीच्या. वाचलेल्यांनी पुढे मुलांना ‘नावात’ ही पिपिलांची भाषा शिकवणं टाळलं आणि पारंपरिक पोशाख सोडला. अशा रीतीने तुमचं काम तुमच्यानंतरही सुरू राहतं, तेही बिनखर्चात.

मोकळ्या वेळात लोककल्याण करावं. देवीची साथ आली तेव्हा जनरलनी राजधानीतल्या रस्त्यांवरचे दिवे रंगीत कागदात गुंडाळायला लावले, रंगीत प्रकाशाने हवा शुद्ध होते म्हणून. औषध म्हणून रंगीत बाटल्यांतलं, उन्हात ठेवलेलं पाणी. पोरं अनवाणी फिरतात ते चांगलंच, पृथ्वीची स्पंदनं थेट पायांत उतरतात, असंही ते म्हणत. चपला न परवडणाऱ्या देशात यापेक्षा स्वस्त योजना कुठली? लोक त्यांना मांत्रिक म्हणत. हसू द्या लोकांना. माणूस हसत असतो तेव्हा मोजत नसतो.

आणि काही खरोखर चांगली कामंही करून ठेवा, म्हणजे टीकाकारांची पंचाईत होते. त्याने गहाण जमिनींच्या कर्जवसुलीला स्थगिती दिली, १९३४ मध्ये मध्यवर्ती बँक काढली, लेम्पा नदीवर मोठा झुलता पूल बांधला. नोकरांचे पगार वेळेवर होऊ लागले.

निवडणुकांचं शास्त्र मात्र नीट शिका. बंडातून आलेल्यांना मान्यता द्यायची नाही, असा मध्य अमेरिकेत करार होता, म्हणून अमेरिका दोन वर्षं नाक मुरडत बसली आणि १९३४ च्या जानेवारीत तिने मान्यता दिली. मग साहेबांनी ऑगस्टमध्ये खुर्ची आपल्या विश्वासातल्या जनरल मेनेंदेसकडे दिली, स्वतः युद्धमंत्री झाले, पुढच्या जानेवारीत एकमेव उमेदवार म्हणून भरघोस निवडून आले आणि मार्चमध्ये परतले. १९३९ मध्ये नवी राज्यघटना, नवी मुदत. १९४४ मध्ये पुन्हा तेच.

इथे थोडं चुकलं. एप्रिलमधलं लष्करी बंड त्यांनी मोडलं, सामील अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या. तेवढ्याने भागायला हवं होतं. पण मे महिन्यात विद्यार्थी, डॉक्टर, दुकानदार, बँकेतले कारकून कामावर यायचेच बंद झाले. ना कोयते, ना बंदुका, घरी बसून राहिले. कोयता उगारणाऱ्याला गोळी घालता येते; दुकानाचं शटर उघडत नाही म्हणून किती जणांना घालणार? त्यात पोलिसांच्या गोळीने एक तरुण मेला, तो निघाला अमेरिकी नागरिक. दोन-तीन दिवसांत जनरल पायउतार. सबब सूचना: घरी बसणाऱ्यांचा बंदोबस्त आधीच विचारात घ्या. आणि ड्रायव्हर पारखून ठेवा. १९६६ मध्ये होंडुरासमधल्या आपल्या मळ्यावर जनरलना त्यांच्याच ड्रायव्हरने भोसकून मारलं.

तरी कीर्ती उरते, धीर सोडू नका. १९८० नंतरच्या यादवीत गनिमी बंडखोरांनी आपल्या आघाडीला मार्तीचं नाव दिलं, तर रात्री माणसं उचलून नेणाऱ्या एका टोळीने मार्तिनेसचं. पंचाहत्तर हजारांच्या आसपास माणसं गेली. लेम्पावरचा तो पूल गनिमांनी १९८४ च्या पहिल्याच दिवशी उडवला. ‘मार्तिनेसच्या काळात चोऱ्या नव्हत्या’ हे वाक्य मात्र कुणाला उडवता आलं नाही.

खुर्ची सहा महिने दुसऱ्याला उबवायला देण्याची युक्तीही शाबूत आहे. सलग दुसऱ्यांदा उभं राहायला राज्यघटनेची अडचण होती, तेव्हा एल साल्वादोरचे राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांनी डिसेंबर २०२३ पासून सहा महिन्यांची रजा घेतली, फेब्रुवारीत प्रचंड मतांनी निवडून आले आणि जूनमध्ये परतले. पुढे जुलै २०२५ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कितीही वेळा उभं राहण्याची मुभा देऊन टाकली. त्यामुळे तुम्हाला रजेचा अर्जसुद्धा करावा लागणार नाही.