तारीख मोबाईलवर, खेटे मात्र चालूच!

आत्याच्या वाटपाच्या दाव्याचा 16 अक्षर-अंकी सीएनआर नंबर, म्हणजे दाव्याचा ओळख क्रमांक, कोर्टांच्या ई-कोर्ट्स ॲपवर टाकला की पुढची तारीख दिसते. बस्स, तारीखच! का ढकलली, आता कुठला कागद लागणार, हे कोण सांगणार? सत्तरीतली बाई पहाटेची एसटी धरून तालुक्याला जाते, तिथं कळतं, साहेब रजेवर. अरे, एवढा मेसेज आदल्या संध्याकाळी पाठवता येत नाही?

आणि मोफत वकील? विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा, कलम 12 नुसार बाईला उत्पन्न न बघता वकील मिळतो. दाव्याच्या अकरा वर्षांत हे आत्याला कुणी सांगितलं? पिशवीतले सगळे कागद मी उलटेपालटे केले. 15100 हा मोफत कायदेशीर मदतीचा हेल्पलाइन नंबर एकावरही नाही. एकावरही!