फोडणीवर फोडणी

बेस गिटार वाजवणाऱ्या माणसाची ओळख करून देताना लोक "हा पण गिटार वाजवतो" असे म्हणतात, आणि त्या 'पण'मध्ये आमच्या चारही तारांचे दुःख सामावलेले असते. बेस हा सोसायटीतल्या पाण्याच्या पंपासारखा असतो; चालू आहे तोवर त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही आणि बंद पडला की सगळे गॅलरीत येतात. आपला आवाज निदान आपल्याला तरी भारदस्त वाटावा, एवढ्या माफक अपेक्षेने मी गेल्या वर्षी एक प्रीॲम्प पेडल, म्हणजे आवाज घडवणारी, पायाने चालवायची पेटी, विकत घेतले. आकाराने ते साबणाच्या दोन वड्या शेजारी शेजारी ठेवल्याएवढे आहे आणि त्याची किंमत मी घरात सांगितली त्याच्या बरोबर दुप्पट आहे.

या खरेदीला इतिहासाचा आधार आहे, असे मी स्वतःला बजावले होते. अमेरिकेतले वाद्यनिर्माते लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस ही विजेवरची बेस गिटार बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी बासमन नावाचा ॲम्प (आवाज मोठा करणारा खोका) आणला, म्हणजे वाद्यापाठोपाठ त्याचे ओझेही आले. १९६९ मध्ये अँपेग कंपनीचा तीनशे वॅटचा एसव्हीटी नावाचा ॲम्प आला, जो उचलायला दोन माणसे लागत आणि जो वाजवायला छाती लागे. मग १९९२ च्या सुमारास टेक ट्वेंटीवन या कंपनीने सॅन्सॲम्प बेस ड्रायव्हर नावाची पेटी काढली आणि त्या अवजड व्हॉल्व्हवाल्या ॲम्पांचा बाज पायाखाली मावेल एवढ्या डब्यात आणून ठेवला. माझे पेडल त्याच कुळातले आहे. 'सॅन्सॲम्प' या नावाचा अर्थच मुळी 'ॲम्पविना' असा होतो, ही गोष्ट मी वाचली होती, मला ती आवडलीही होती, आणि तरीही पेडल घरी आणल्यावर मी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर ते ॲम्पला जोडले.

इथे थोडे पाकशास्त्र सांगणे भाग आहे. गिटारच्या पिकअपमधून (तारांची कंपने टिपणाऱ्या चुंबकांतून) निघणारा सिग्नल फार अशक्त असतो. त्याला आधी प्रीॲम्प हाताशी धरतो, त्याची पातळी वाढवतो, त्यात बेस (खालचा भाग), मिड (मधला), ट्रेबल (वरचा) यांचा मसाला घालतो. त्यानंतर पॉवर ॲम्प त्याला स्पीकर हलवण्याइतके बळ देतो. माझ्या लक्षात न आलेली बाब एवढीच होती, की ॲम्पच्या दर्शनी भागावर असलेली ती पाच बटणे म्हणजे दुसरे काही नसून आतला प्रीॲम्पच असतो. मी पेडलमधून निघालेली तार त्याच्या इनपुटमध्ये खोचली, म्हणजे फोडणी दिलेल्या वरणाला त्याच हिंगजिऱ्याची पुन्हा एकदा फोडणी दिली. शिवाय दोन्हीकडचे बेसचे बटण मी उदार मनाने शेवटपर्यंत फिरवले होते. एका जागी बारा डेसिबल आणि दुसऱ्या जागी बारा, मिळून चोवीस; ऐकायला ही बेरीज किरकोळ वाटते, पण डेसिबलच्या हिशेबात चोवीस म्हणजे सुमारे अडीचशे पट शक्ती. माझा ॲम्प शंभर वॅटचा आहे. त्याने आपल्या परीने निषेध नोंदवला, आणि जो स्वर मला धीरगंभीर हवा होता, तो ओल्या गोधडीखालून कोणीतरी हाक मारावी तसा आला.

तीन आठवडे मी दहा-बारा बटणांच्या सगळ्या जोड्या लावून पाहिल्या. अखेर एका रविवारी दुपारी मी ॲम्पसोबत आलेली पुस्तिका शोधून काढली (ती गॅसच्या पावत्यांच्या फाइलमध्ये होती) आणि तिच्या शेवटच्या पानावरची आकृती पाहून माझे डोळे उघडले. ॲम्पच्या पाठीमागे 'रिटर्न' नावाचे एक भोक असते. तिथे तार खोचली की सिग्नल आतल्या प्रीॲम्पला वळसा घालून थेट पॉवर ॲम्पकडे जातो. फोडणी एकच, आणि तीही माझ्या नव्या पेटीची! मी ॲम्पचा आवाज सावधगिरीने शून्यावर आणला, तार मागे खोचली आणि बेसची सर्वांत जाड तार छेडली.

त्याच आकृतीत आणखी एक गोष्ट स्पष्ट दाखवलेली होती, जी मी नंतर पाहिली. माझ्या ॲम्पमध्ये आवाजाचे मुख्य बटण रिटर्नच्या अलीकडे बसवलेले आहे. म्हणजे मागच्या दाराने शिरलेल्या पाहुण्याला ते अडवूच शकत नाही; आवाज किती यायचा हे केवळ पेडलवरचे लेव्हलचे बटण ठरवते आणि तीन आठवड्यांच्या प्रयोगांनंतर ते बटण शेवटच्या टोकाला होते.

स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचे स्टीलचे डबे उंचीच्या क्रमाने थरथरले. सर्वांत धाकट्या डब्याने, ज्यात वेलदोडे असतात, कडेवरून उडी घेतली. मी धावत जाऊन ॲम्पचे बटण शून्याच्याही मागे फिरवण्याचा प्रयत्न करत होतो आणि ते माझ्याकडे सरकारी कचेरीतल्या खिडकीसारखे निर्विकारपणे पाहत होते. जाड तारेचा सूर ४१ हर्ट्‌झचा असतो आणि त्याची एक लहर सुमारे २७ फूट लांब असते. आमचा हॉल १४ फुटांचा आहे. उरलेली लहर खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेली असावी, कारण मिनिटभरात त्यांचा फोन आला आणि त्यांनी अत्यंत काळजीच्या स्वरात विचारले, "अहो, तुमच्याकडे कपाट पडलं का?" मी हो म्हणालो. बेसवादकाच्या आयुष्यात कपाट पडणे हे अधिक सन्माननीय कारण असते.

त्यानंतर पेडलची लेव्हल तळाशी ठेवून हळूहळू वर न्यायची हे मी शिकलो, आणि खरे सांगायचे तर आवाज सुरेखच येऊ लागला. खाली गडगडाट, वर काचेसारखी खणखण आणि मधला भाग थोडा खोलगट. याच खोलगट भागाने सोसायटीच्या गणपतीतल्या ऑर्केस्ट्राच्या तालमीत माझा घात केला. बेसची ओळख पटवणारा सूर त्या मधल्या भागातच राहत असतो. तो काढून घेतला की एकट्याने वाजवताना राजेशाही वाटणारा बेस ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड सुरू होताच गर्दीत हरवलेल्या पाकिटासारखा नाहीसा होतो. मिड वाढवल्यावर तो सापडला, पण मग घरात ऐकलेला थाट गेला. पेडल घेण्याआधी माझा आवाज नेमका असाच होता, हे मी कोणाला बोललो नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मी पंधरा किलोंचा ॲम्प तिसऱ्या मजल्यावरून खाली आणून स्टेजवर मांडला, पिशवीतून पेडलचा ॲडॉप्टर काढला आणि जागीच थिजलो. पेडलला नऊ व्होल्ट लागतात आणि पिनेच्या मध्यभागी ऋण टोक लागते. माझ्या हातात बारा व्होल्टचा, मध्यभागी धन टोक असलेला ॲडॉप्टर होता. तो कोणाचा, हे मला लगेच कळले, कारण त्याच क्षणी घरून फोन आला की वायफाय गेले आहे.

साउंड सांभाळणारा पंचविशीतला मुलगा शांतपणे वर आला, त्याने पेडल उलटे करून मागची बारीक अक्षरे वाचली आणि म्हणाला, "काका, हे फँटमवर चालतं. मिक्सरवरून अठ्ठेचाळीस व्होल्ट देतो." त्याने पेडलच्या बाजूला मिक्सरकडून आलेली एक जाड केबल लावली, खाली जाऊन एक बटण दाबले आणि पेडलचा लाल दिवा लागला. पाठोपाठ घूंऽऽ असा आवाजही सुरू झाला, कारण ॲम्प एका लाइनवर होता, मिक्सर दुसऱ्या लाइनवर आणि दोघांची अर्थिंगे माझ्या पेडलमध्ये येऊन भेटली होती. विजेची घरघर ५० हर्ट्‌झची असते, आणि माझ्या जाड्या तारेचा तिसऱ्या पट्टीवरचा सूर ४९ चा. म्हणजे विजेची लाइन स्वतःच बेस वाजवत होती, आणि तीही किंचित चढी. पडदा उघडायला पाच मिनिटे उरली होती.

"काका, ॲम्पची तार काढून टाका," खालून तो ओरडला. "पेडलचा सिग्नल थेट आलाय मला. मॉनिटरमध्ये देतो तुम्हाला."

मी तार काढली. घरघर थांबली. समोरच्या मॉनिटरमधून माझा बेस स्वच्छ, गोल आणि मोजका आला, इतका की कीबोर्डवाल्या काकांनीही मान वळवून पाहिले. मग त्यांनी हातातला चहाचा कप माझ्या ॲम्पकडे नेला आणि विचारले, "इथे ठेवू ना? चालू नाहीये ना हा?"

"नाही," मी म्हणालो. "ठेवा."