चांदीचा चमचा काळा पडला नाही म्हणून अळंबी बिनविषारी ठरत नाही

पावसाळा लागला की तो मेसेज परत फिरायला लागतो. यंदा मला तो आठ दिवसांत चार ग्रुपवरून आला: सोसायटीच्या, माहेरच्या, जुन्या विद्यार्थ्यांच्या आणि ट्रेकवाल्यांच्या. मथळा, ‘नाशिकच्या डोंगरात फुकट मिळणारं अमृत’. मजकूर थोडक्यात असा: त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या रानातल्या सगळ्या अळंब्या आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या खातात, त्यांना काही होत नाही. शंका वाटली तर चांदीचा चमचा किंवा लसणाच्या पाकळ्या घालून शिजवा, चमचा काळा किंवा लसूण निळा पडला नाही तर खुशाल खा. किड्यांनी खाल्लेली अळंबी सुरक्षित. हळद-मीठ घालून उकळली की उरलंसुरलं विष जातं. झाडाच्या बुंध्यावरची लाल, चकचकीत अळंबी म्हणजे परदेशात महाग विकली जाणारी रेशी, तिचा २१ दिवस काढा घ्या, शुगरच्या गोळ्या सुटतील, कॅन्सरची गाठ विरघळेल, आणि नैसर्गिक असल्याने अपाय काहीच नाही. शेवटी ‘आयुर्वेदात सांगितलंय’ अशी मोहोर.

मी नाशिकच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. माझ्या वर्गात हरसूल, पेठकडची मुलंमुली असतात आणि गंगापूर रोडचीही. हा मेसेज पाहिला की मला मनापासून भीती वाटते, कारण यातलं एकेक वाक्य कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊन पोचतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘आदिवासी सगळ्या अळंब्या खातात.’ नाही खात. पावसाळ्यात त्या बाजूच्या बाजारात जाऊन बघा. पानांवर अळंबीचे वाटे मांडून बायका बसलेल्या असतात, त्या वाट्यांत बहुतेक एकच जात असते, फार तर दोन. रानात शंभर तऱ्हेच्या छत्र्या उगवत असताना बाजारात एक-दोनच का येतात, याचं उत्तर मला एका मावशींनी दाखवलं.

काही वर्षांपूर्वी मी त्यांच्याबरोबर रानात गेले होते. वाटेत शेणावरच्या, सागाच्या पाचोळ्यातल्या, कुजक्या ओंडक्यावरच्या अशा कितीतरी छत्र्या दिसल्या. मावशींनी एकीकडेही वाकून पाहिलं नाही. एका जुन्या वारुळाशी मात्र त्या थांबल्या, खाली बसल्या आणि काठीने हलक्या हाताने माती उकरायला लागल्या. मी वरून पाहिलं तर पांढुरकी छत्री, मधोमध टोक आलेली. त्या मात्र छत्रीकडे बघतच नव्हत्या. त्यांना खालचा दांडा बघायचा होता. तो जमिनीशी संपतच नव्हता. मुळासारखा निमुळता होत खोल वारुळाच्या पोटात गेला होता. ‘हे बघायचं, ताई,’ त्या म्हणाल्या, ‘वारूळ नाही तर अळंबी नाही.’

ही टर्मिटोमायसिस. वाळवी जमिनीखाली पाल्याचा आणि लाकडाचा चुरा रचून त्यावर ही बुरशी अक्षरशः पेरते, पोसते आणि खाते. चांगला पाऊस झाला की त्या शेतातून दांडा वर चढतो आणि आपल्याला छत्री दिसते. म्हणूनच ही अळंबी वर्षानुवर्षं त्याच जागी येते आणि बाजारासाठी तिची शेती करणं जमलेलं नाही. मावशींनी वारूळ फोडलं नाही, माती परत लोटून दिली.

आता हीच गोष्ट शहरातून गेलेला माणूस कशी करतो? तो चाकूने दांडा जमिनीलगत कापतो, किंवा वरून ओढून तोडतो. नेमकी ओळखीची खूण मातीतच राहते. अमानिटा नावाच्या कुळातल्या अळंब्या, ज्यांच्यातल्या काही जाती जगातल्या सर्वांत जीवघेण्या आहेत, त्यांच्या दांड्याच्या बुडाशी पातळ पिशवीसारखा कप असतो. तो कप मातीत पुरलेला असतो. कापून आणलेली छत्री घरी ताटात ठेवल्यावर पिशवी होती की मूळ होतं, हे कुणालाच सांगता येत नाही. मावशींचं ज्ञान ‘रानातलं सगळं चालतं’ असं नव्हतंच. ते एका अळंबीचं, एका जागेचं, आईकडून लेकीकडे आलेलं ज्ञान होतं. मी विचारलं, बाकीच्यांचं काय? तर म्हणाल्या, जी माहीत नाही तिला हात लावायचा नाही.

आणि ‘त्यांना काही होत नाही’ हेही खरं नाही. एप्रिल २०२२ मध्ये आसाममध्ये रानअळंबी खाऊन काही दिवसांत १३ माणसं गेली, त्यांत लहान मूलही होतं. ती बहुतेक चहामळ्यांतली कुटुंबं होती, रानातलं वेचून खाण्याची सवय असलेली. सवयीच्या हातांचीही चूक होते, तर मेसेज वाचून निघालेल्यांचं काय.

‘चांदी काळी पडली नाही, लसूण निळा पडला नाही, म्हणजे विष नाही.’ नाशिककरांना चांदी काळी कशाने पडते हे सांगायला नको, इथे घरोघरी चांदीची भांडी आहेत. उकडलेल्या अंड्याचा चमचा काळा पडतो, म्हणून अंडं विषारी ठरतं का? चांदी गंधकाच्या वायूने काळवंडते. अळंबीतल्या विषांचा त्या वायूशी संबंध नाही. लसूण निळसर होणं ही लसणाच्याच आतली रासायनिक क्रिया आहे.

आमच्या शेजारच्या सोसायटीत हे घडलं. जुलैच्या पावसानंतर लॉनवर पांढऱ्या, मोठ्या, वर तपकिरी खवले असलेल्या छत्र्या उगवल्या. एका घरात त्या शिजल्या. लक्ष्मीपूजनाचं चांदीचं नाणं पातेल्यात टाकून पाहिलेलं होतं, ते लख्ख राहिलं. जेवणानंतर दोन तासांच्या आत तिघांना उलट्या आणि जुलाब सुरू झाले आणि रात्र सलाइनवर गेली. उरलेली एक छत्री त्यांनी माझ्याकडे आणून दिली. मी तिचा दांडा काढून छत्री पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली, वर वाटी झाकली. सकाळी वाटी उचलली तर कागदावर छत्रीखालच्या पडद्यांचा ठसा उमटला होता, आणि त्या भुकटीचा रंग शेवाळासारखा मळकट हिरवा होता. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. उष्ण प्रदेशातल्या लॉनवर ती नेहमी उगवते, आणि असा हिरवा ठसा देणारी दुसरी अळंबी विरळाच. कोवळी असताना तिचे पडदे पांढरेच असतात, त्यामुळे ती विकतच्या बटण मशरूमची थोरली बहीण वाटते. हा ठसा काढायला एक रात्र आणि एक कागद लागतो. पण इतर रंगांचा ठसा आला म्हणजे खायला हरकत नाही, असाही अर्थ कुणी काढू नका. ठसा ही ओळखीच्या अनेक खुणांपैकी एक खूण आहे.

‘किड्यांनी खाल्लेली चालते, विषारी तेवढी रंगीत असते.’ गोगलगायी आणि काही फळमाश्यांच्या अळ्या अमानिटासारख्या जहरी अळंब्यांवर वाढतात. त्यांचं शरीर आणि आपलं शरीर वेगळं. रंगाचं म्हणाल तर सर्वांत जास्त माणसं मारणारी युरोपातली डेथ कॅप फिक्या हिरवट रंगाची, साधी आणि चवीलाही चांगली असते असं तिच्यातून वाचलेल्यांनी सांगितलेलं आहे.

‘उकळली की विष जातं.’ हा समज आपल्याकडे इतका घट्ट का, ते मला कळतं. आपल्या रानभाज्यांत खरोखरच असं होतं. शेवळं काकडाशिवाय शिजवली तर घसा खवखवून निघतो, म्हणून काकडं ही आंबट फळं घालतात. कडूकंदाचे काप करून, उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून कडवटपणा काढतात. हे शहाणपण खरं आहे आणि ते कमवायला पिढ्या गेल्यात. पण ते अळंबीला लावता येत नाही. अमानिटाच्या जीवघेण्या जातींतलं अमाटॉक्सिन नावाचं विष उकळल्याने, तळल्याने, वाळवल्याने, फ्रीजरमध्ये ठेवल्यानेही नाश पावत नाही. हळद आणि मीठ त्याचं काही बिघडवू शकत नाहीत. शिवाय ते पाण्यात उतरतं, म्हणजे रस्साही विषारी.

ते काम कसं करतं हे नीट वाचा. पेशीत नवी प्रथिनं बनवण्यासाठी आधी आराखड्याची नक्कल निघावी लागते, ती काढणारं यंत्रच हे विष अडकवून ठेवतं. यकृताच्या पेशींना त्याचा मार सर्वांत जास्त. खाल्ल्यावर पहिले ६ ते १२ तास काहीच होत नाही, कधी त्याहूनही उशीर. मग जोरदार उलट्या-जुलाब. आणि मग येतो सर्वांत फसवा टप्पा: दुसऱ्या दिवशी बरं वाटतं. माणूस चहा पितो, घरी सोडा म्हणतो. त्याच वेळी आत यकृत निकामी होत असतं, ते कळतं दोन-तीन दिवसांनी, डोळे पिवळे झाल्यावर. यावर रामबाण उतारा नाही. डॉक्टर सिलिबिनिन, एन-ॲसिटिलसिस्टीन ही औषधं देतात, काही वेळा शेवटी यकृत प्रत्यारोपणाची वेळ येते.

‘बुंध्यावरची लाल अळंबी म्हणजे रेशी, काढा घ्या, गोळ्या सोडा.’ इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण इथे माणूस विषाने नाही तर आशेने फसतो.

कॉलेज रोड, गंगापूर रोडला जुन्या गुलमोहराच्या बुडाशी लाकडासारखी टणक, वरून लाखेचं पॉलिश केल्यासारखी तांबूस अळंबी दिसते. ती गॅनोडर्मा कुळातली, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण गॅनोडर्माच्या जाती पुष्कळ, आणि नुसत्या डोळ्यांनी त्या वेगळ्या करणं तज्ज्ञांनाही अवघड जातं. चीनमध्ये जिला लिंग्झी म्हणतात आणि जपानमध्ये रेशी, तिला अनेक दशकं ‘गॅनोडर्मा ल्युसिडम’ म्हटलं गेलं. ते नाव मुळात इंग्लंडमधल्या अळंबीवरून पडलेलं. २०१२ साली संशोधकांनी चिनी जात वेगळी आहे म्हणून तिला गॅनोडर्मा लिंग्झी हे नाव दिलं. जगातल्या प्रयोगशाळांत इतकी वर्षं हा गोंधळ होता, आणि आपण मेसेजच्या भरवशावर गुलमोहराची अळंबी रेशी ठरवतो. औषधी वापरासाठी रेशी भुशावर किंवा ओंडक्यांवर मुद्दाम वाढवतात. हिमाचलमधल्या सोलनच्या राष्ट्रीय अळंबी संशोधन संस्थेकडे तिच्या लागवडीचं तंत्र आहे. रस्त्याकडेच्या झाडावरून खरवडून कुणी औषध बनवत नाही. अळंब्या जमिनीतले, धुळीतले जड धातू आपल्यात साठवतात. द्राक्षबागेतल्या अळंब्यांबद्दलही मी हेच सांगते, तिथे वर्षानुवर्षं मोरचूद फवारलेलं असतं.

बरं, खरीखुरी रेशी मिळाली तर? उपचारांवरच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा, कॅन्सरवर तिच्या वापराबद्दलचा आढावा २०१६ मध्ये अद्ययावत झाला. त्यात ५ चाचण्या आणि ३७३ रुग्ण होते. निष्कर्ष असा की, मुख्य उपचार म्हणून रेशी वापरावी असा पुरेसा पुरावा नाही. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला काही उपयोग होऊ शकेल, इतकंच. २०१५ च्या त्यांच्याच दुसऱ्या आढाव्यात टाइप २ मधुमेहातल्या साखरेवर किंवा हृदयविकाराच्या जोखमीवर फायदा दिसला नाही. अपाय शून्य हेही खोटं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रेशीने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, म्हणून ऑपरेशनच्या आधी ती बंद करायला सांगतात. रेशीची पावडर घेणाऱ्या एका रुग्णाचं यकृत निकामी होऊन मृत्यू झाल्याची नोंद थायलंडच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केली.

माझ्या नात्यातल्या एका काकांनी तीन आठवडे शुगरच्या गोळ्या बंद ठेवून हा काढा घेतला. करवतीने कापलेले तुकडे, रोज सकाळी पातेल्यात तासभर उकळत ठेवलेले, कडू जहर. पायाच्या अंगठ्याला साधं ठेचाळलेलं होतं. ती जखम भरेना. दवाखान्यात नेलं तेव्हा साखर ४०० च्या वर होती. अंगठा गेला. काढ्यात विष नव्हतं, त्या तीन आठवड्यांत गोळ्या नव्हत्या.

जाता जाता, ज्या गुलमोहराच्या बुडाशी गॅनोडर्मा दिसतो त्याचं खोड आतून कुजत असण्याची शक्यता मोठी. त्याच्याखाली गाडी लावू नका आणि महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवा.

‘आयुर्वेदात सांगितलंय.’ चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २७व्या अध्यायात छत्राकांचा, म्हणजे अळंब्यांचा उल्लेख आहे. सर्पच्छत्रक सोडून बाकीच्या जाती थंड, गोड, पचायला जड आणि पीनस म्हणजे सर्दी-पडसं करणाऱ्या, असं तिथे म्हटलंय. एक जात स्पष्ट वगळली आहे, आणि उरलेल्यांनाही कुणी अमृत म्हटलेलं नाही. आपल्या लोकपरंपरेत फणसाच्या झाडावरचा फणसोंबा आहे. लहान मुलाची लाळ फार गळत असली की तो सहाणेवर उगाळून चाटवायचे. तिथेही झाड ठरलेलं, अळंबी ठरलेली, मात्रा एका वळशाची.

आता कुणी खाल्लीच असेल तर. उलट्या लवकर झाल्या तर धोका नाही असं समजू नका, पण सहा तासांनंतर सुरू झालेल्या उलट्या जास्त गंभीर माना. दूध, मीठपाणी, लिंबू यांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट सिव्हिल गाठा. कधी खाल्ली, त्रास किती वाजता सुरू झाला, अजून कोण जेवलं, हे कागदावर लिहून न्या, आणि ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांनाही सोबत घ्या. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी डॉक्टरांनी सांगेपर्यंत घरी येऊ नका. पातेलं घासायला टाकू नका, उरलेली भाजी आणि न शिजवलेली अळंबी असली तर ती कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ती तासाभरात घामाघूम होऊन चिकट होते आणि मग ओळखणाऱ्यालाही ओळखता येत नाही.