रामकुंड इतक्यात नको: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

पन्नाशीनंतर ताण उतरवायला पुन्हा जलरंगांकडे वळण्याविषयीच्या आमच्या लेखावर तुम्ही लिहिलंत की शाळेतल्या इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेत ए ग्रेड असूनही आता हात चालत नाही. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतली शिफ्ट संपवून तीन आठवडे रोज रात्री मोबाइलवरच्या फोटोवरून गोदाकाठचं रामकुंड रंगवलं, दरवेळी चित्र मळलं, कागदाची पापडी झाली आणि डोकं आणखी तापलं. शेवटी तुम्ही विचारलंत, ज्या शहराने चित्रकार शिवाजी तुपे यांचे जलरंग पाहिले, तिथे आम्ही काय फराटे मारायचे? रंगवल्याने ताण जातो वगैरे रिकाम्या लोकांचं बोलणं.

ताण वाढला हे तुमचं म्हणणं खरं आहे, आणि त्यात आमचा दोष आहे. काय करावं ते लेखात होतं, कोणत्या क्रमाने करावं ते नव्हतं. तुमचा हात मात्र बिघडलेला नाही.

आधी कागद. शाळेच्या चित्रकलेच्या वहीचा कागद पाणी बसताच फुगतो, खळगे पडतात, रंग त्या खळग्यांत साचतो आणि तिथेच गडद डाग राहतो. पुसायला ब्रश फिरवला की वरचे तंतू सुटतात. अशा कागदावर कसलेल्या माणसाचाही वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, सरळ बसत नाही. त्यामुळे वह्या आणण्यापेक्षा ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) कॉटनचा एकच मोठा ताव घ्या. ५६ बाय ७६ सेंटीमीटरच्या तावाचे १९ बाय २८ चे आठ तुकडे होतात. दोन्ही बाजू धरल्या तर सोळा सराव. कॉटनचा कागद ओल जास्त वेळ धरतो, आणि नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तेच हवं असतं. तुकडा चारही बाजूंनी मास्किंग टेपने बोर्डला चिकटवा.

दुसरं कारण जरा खोल आहे. शाळेत आपल्यातल्या बहुतेकांनी स्मरणचित्र, संकल्पचित्र पोस्टर कलरमध्ये केलं. तिथे गडदावर फिकट चढतं, पांढरा मिसळून रंग उजळतो, चूक झाकता येते. पारदर्शक जलरंगात हे सगळं उलटं आहे. उजेड म्हणजे कोरा सोडलेला कागद, आणि काम फिकटाकडून गडदाकडे. तुमच्या हाताला ए ग्रेडची सवय आहे, म्हणूनच तो पांढऱ्या ट्यूबकडे जातो आणि रंग खडूसारखा निस्तेज होतो. नवशिक्याला ही सवय मोडावी लागत नाही, तुम्हाला लागेल. पांढरा आणि काळा डब्यातून काढून ठेवा. अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, लेमन यलो आणि एक लाल, एवढे पाच पुरेत.

घाटाचा दगड काळ्या ट्यूबने रंगवला की तिथे भोक पडल्यासारखं दिसतं. फोनचा कॅमेरा सावल्या काळ्या करतो, त्यामुळे फोटोवरून ही चूक हमखास होते. काळाराम किंवा नारोशंकर मंदिराचा दगड उन्हात पाहा, तो करडा आहे, कुठे तांबूस, कुठे निळसर. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र करा. निळा वाढवला की ओली सावली, सिएना वाढवला की तापलेली पायरी. एका मिश्रणात दोन, फार तर तीन रंग. चौथा पडला की चिखल. पाण्याची भांडी दोन ठेवा, एक ब्रश धुवायला, एक रंगात घ्यायला.

आता क्रम. पहिले दोन आठवडे चित्र काढूच नका, फक्त वॉश द्या. बोर्डच्या मागच्या कडेखाली चार-पाच सेंटीमीटर जाडीचं पुस्तक सरकवा. वाटीत दोन चमचे रंग आधीच कालवून ठेवा, मध्येच संपला तर पट्टा तुटतो. १२ नंबरच्या गोल ब्रशने वरून आडवा पट्टा ओढा, खालच्या कडेला रंगाचा ओघळ जमेल, पुढचा पट्टा त्याला भिडवत न्या. शेवटी उरलेला थेंब कोरड्या ब्रशने टिपा. मग हात मागे. अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये परत शिरलात की पाणी रंगाला ढकलतं आणि फुलकोबीसारखी कड उमटते. मे महिन्यात दहा-पंधरा मिनिटांत वाळेल, जुलैत तासभरही लागेल. तळहाताची मागची बाजू टेकवून पाहा, कागद गार लागला तर आत ओल आहे. वाळल्यावर रंग फिकट होतो, तेव्हा सुरुवातीलाच थोडा गडद घ्या.

ताण इथेच उतरतो असं आम्हाला ठामपणे वाटतं. वॉश चालू असताना लक्ष त्या ओघळावरच ठेवावं लागतं, शिफ्टचा हिशेब डोक्यात फिरायला जागाच उरत नाही. 'जमलं का' हा प्रश्नही नसतो. २०१६ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं मार्कर, माती, कोलाज असं हवं ते करू दिलं. सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाशी जोडलेलं संप्रेरक उतरलं, आणि आधीच्या अनुभवाने त्यात फरक पडला नाही. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे याला औषधाचा पुरावा म्हणू नये. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडली असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, रंग सोबत चालू द्या.

रात्रीचंही बदला. पिवळ्या दिव्याखाली निळा मंद दिसतो, मग तो जास्त ओतला जातो. पांढरा एलईडी डाव्या बाजूला ठेवा (डावखुरे असाल तर उजव्या). प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत दूरचा आणि जवळचा नंबर) असेल तर उभ्या कागदासाठी हनुवटी उचलावी लागते आणि मान धरते. बोर्ड टेबलावर जवळजवळ आडवा ठेवला की हा त्रास टळतो. वेळ वीस मिनिटं, घड्याळ लावून.

तिसऱ्या आठवड्यात घरातला तांब्याचा एक लोटा घ्या. एक उजेड, एक सावली, दोनच रंग. चमक म्हणून कोरा सोडलेला कागद शेवटपर्यंत कोराच राहिला, की मग एखाद्या रविवारी सकाळी घाटावर जा. पोस्टकार्डाएवढा तुकडा आणि तेच दोन रंग न्या. कुंड, देवळं, माणसं सगळं सोडून द्या, दोन पायऱ्या आणि त्यांच्यावर पडलेली सावली एवढंच रंगवा.