आधी वायर बघा, मग फॉरमॅटच्या गोष्टी करा!

सोळा दिवस. सोळा दिवस मी घसा फोडून सांगत होते की नेट चालत नाही तो बिघाड फोनच्या लाइनमध्ये आहे, कॉम्प्युटरमध्ये नाही. एकानंही ऐकलं नाही.

नौपाड्यातली आमची बिल्डिंग जुनी. फोनची वायर जिन्याखालच्या डब्यातून वर येते आणि त्या डब्याला झाकण आहे म्हणायचं एवढंच. जूनमध्ये पाऊस लागला आणि त्याच रात्रीपासून नेटचे हाल सुरू झाले. मोडेम, म्हणजे फोनच्या लाइनवरून नेट जोडणारं यंत्र, डायल करतो, पलीकडून किर्रर आवाज येतो, मग ती खरखर, आणि आता जुळणार म्हणेपर्यंत पुन्हा पहिल्यापासून. जुळलंच तर सेकंदाला २६,४०० बिट्सच्या वेगावर. ५६ के, म्हणजे ५६,००० च्या मोडेमला पुरते ५६,००० कुणालाच मिळत नाहीत हे मलाही कळतं, पण मे महिन्यात याच घरात ४८,००० मिळत होते!

दादा मस्कतला. त्याला मुलगी झाली. त्यानं पाच फोटो पाठवले, दीड एमबीची मेल. २६,४०० ला ती उतरायला आठ मिनिटं लागतात आणि आमची लाइन दोन मिनिटांत तुटते. तुटली की मेल परत पहिल्यापासून. आई खुर्ची ओढून शेजारी बसायची. "अगं, आलं का?" नाही आलं, आई.

हेल्पलाइनला फोन केला. आता स्क्रीनवर एरर ६८० येतोय, म्हणजे मोडेमला डायल टोनच कळत नाही, हे मी वाचून दाखवलं. पलीकडचा म्हणतो, पासवर्ड तपासा मॅडम. अहो, पासवर्ड चुकला तर ६९१ येतो! टोनच मिळत नाही तिथे पासवर्ड विचारणार कोण? तीन दिवस तीन वेगळी माणसं आणि तिघांचं तेच, पासवर्ड तपासा आणि विंडोजमधलं डायल-अप नेटवर्किंग, म्हणजे फोन लावून नेट जोडणारा भाग, काढून परत टाका. मी तेही केलं. दोनदा.

मग कॉम्प्युटरवाला आला. त्यानं फोनची वायर हातातसुद्धा धरली नाही. "ताई, विंडोज करप्ट आहे," म्हणाला, सीडी घातली आणि मी स्वयंपाकघरात त्याच्यासाठी चहा ठेवत होते तेवढ्यात सी ड्राइव्ह फॉरमॅट करून मोकळा. विचारलं नाही, बॅकअप घेतला नाही. आउटलुक एक्सप्रेस या मेलच्या प्रोग्रामच्या सगळ्या मेल त्याच ड्राइव्हवर होत्या. बाबांनी शेवटच्या वर्षी दादाला एका बोटानं टाइप करून लिहिलेल्या मेल सेंट आयटम्समध्ये होत्या. बाबा आता नाहीत. त्या मेलही नाहीत. ३५० रुपये घेतले वर, आणि जाताना पुन्हा डायल करून बघितलं तर तेच, ६८०.

त्या संध्याकाळी मी सीपीयू उचलून शेजारच्या विंगमध्ये काकूंकडे नेला. तोच मोडेम, तेच विंडोज, त्यांची लाइन. पहिल्या झटक्यात ४९,३३३! आईला तिथेच फोटो दाखवले. काही उरलं का सिद्ध करायचं?

तरी लाइनमन म्हणतो, लाइन ओके आहे. का, तर फोनवर बोलता येतं! खरखरीत चार शब्द हुकले तरी माणूस अंदाजानं वाक्य पुरं करतो. मोडेमला अंदाज करता येत नाही. त्याला आवाज जसाच्या तसा लागतो, खरखर वाढली की तो वेग उतरवतो आणि शेवटी सोडून देतो. मी त्याच्या हातात रिसीव्हर दिला आणि सांगितलं, एकच आकडा दाबा, म्हणजे टोन थांबेल, आणि गप्प राहून ऐका. ऐकलं त्यानं. तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी चरचर. तेव्हा कुठे साहेब जिन्याखाली उतरले.

डबा उघडला तर आमच्या जोडाला टेपसुद्धा नव्हती. दोन तारा नुसत्या पिळलेल्या, त्यांवर हिरवा कळंक चढलेला, आणि टोकाला पाण्याचा थेंब लोंबतोय. पक्कड लावली, दोन इंच तार कापली, नवीन जोड दिला, टेप मारली. पाच मिनिटं लागली. वर येऊन डायल केलं, ४८,०००.

पाच मिनिटांच्या कामासाठी सोळा दिवस! आणि माझी तक्रार या काळात 'दोष आढळला नाही' म्हणून दोनदा बंद केलेली, घरी कुणीही न येता.

कापलेला तो तुकडा मी जपून ठेवलाय. सोमवारी टेलिफोनच्या ऑफिसात काउंटरवर नेऊन आपटणार आहे. तिथून त्या कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानात. पैसे नकोत मला, त्याच्याकडून हार्ड डिस्कवरून बाबांची एक तरी मेल परत काढून हवी आहे. ती येईपर्यंत मी दुकानातून हलणार नाही.