अकरा हात, एक पिशवी

परवा रात्री कट्ट्यावर भांडण झालं. रोजच होतं, पण परवाचं इतकं वाढलं की चहावाल्या अण्णांनी गॅस बारीक केला आणि तेही येऊन बसले, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं.

सोलापुरात कन्ना चौकातून आत वळलं की एक बंद पडलेला लूमचा कारखाना लागतो, त्याच्या पायऱ्यांवर आमचा कट्टा. विषय होता पक्याच्या मंडळानं पुरानंतर गरजूंना जे शिध्याचे किट वाटले, त्याचे फोटो. दोन दिवस झाले, ज्याचं स्टेटस उघडावं तिथं तेच. एक म्हातारी, तिच्या हातात पिशवी, आणि त्या पिशवीला धरलेले अकरा हात. मी मोजले.

शिनूनं तिथूनच धरलं. "पक्या, पिशवी पाच-सहा किलोची असंल. फोटोत अकरा जणांनी धरली. तिथनं पुढं घरापर्यंत म्हातारीनं एकटीनं नेली असंल की नाही बे?"

पक्या म्हणजे पांढरा शर्ट, दोन फोन, आणि तिसऱ्या वाक्याला "आपण समाजाचं देणं लागतो". ते तर त्यानं म्हटलंच, छातीवर हात ठेवून म्हटलं. मग म्हणाला, "फोटो नाही टाकला तर देणारा पुढच्या टायमाला देतो का? शेठ लोकांना दाखवावं लागतं पैसा कुठं गेला. फोटो म्हणजे पावती असती."

"पावती म्हणजे पावती असती," मल्लू म्हणाला. मल्लू टॅक्सवाल्याकडं कामाला आहे, त्याला हा शब्द सहन होत नाही. "तुझ्या शेठनं पाच हजार कॅश दिले ना? दोन हजाराच्या वर कॅश दिली की ८०जीत, म्हणजे देणगीच्या टॅक्स सवलतीत, धरतच नाहीत. चेक नाहीतर ऑनलाईन पाहिजे, आणि संस्थेनं १०बीई फॉर्म, म्हणजे देणगीचा दाखला दिला पाहिजे, आणि एवढं करून शेठ टॅक्सच्या नव्या रेजिममध्ये असला तर सगळंच वाया. तुमच्या मंडळाला ८०जी हाय का?"

"अर्ज टाकायचाय."

"धर्मादाय आयुक्ताकडं नोंद?"

"टाकायचीय की बे, सगळं एकदम कसं होईल."

"२०१४ चा गणपती झाला, त्या वर्गणीचा हिशोब पण तू टाकणारच होतास," इक्बाल म्हणाला, आणि मग दहा मिनिटं तेच. त्या वर्षीचा डीजे, विसर्जनाला जनरेटर बंद पडला ते, मल्लूच्या काकानं दिलेले एक हजार एक रुपये आणि अहवालात छापलेले एकशे एक. मल्लूचे काका त्यानंतर मंडळाच्या मांडवात पाय ठेवत नाहीत, हे खरं आहे. पक्या म्हणतो छपाईची चूक. अकरा-बारा वर्षं तेच म्हणतो.

शिनूनं गाडी परत रुळावर आणली. पुराच्या वेळी, २०२५ च्या सप्टेंबरात सीनेचं पाणी चढलं आणि लांबोटीला पुण्याचा हायवे बंद पडला तेव्हा हा आठ दिवस त्या बाजूला होता, त्यामुळं तो बोलला की ऐकावं लागतं. त्यानं सांगितलं की डांबरी रस्त्यावरच्या घरांना तीन-तीन किट मिळाले, तेल-साखर-तूरडाळ-पीठ, आणि आत चिखलात दोन किलोमीटरवरच्या वस्तीला एकही नाही, कारण टेम्पो आत जात नव्हता आणि आत गेलं तर फोटोत बॅनर दिसत नव्हता. बाई म्हणती, पीठ दिलं बाबा, पण माझी चूल वाहून गेली, सिलिंडर गेला, परात गेली, आता हे मळू कशात? दुसरीकडं माणसाला काहीच नको होतं, त्याला फक्त म्हशीला वैरण पाहिजे होती. कपड्यांचा तर ढीग. त्यात एक मखमली ब्लेझर होता, एक हाफ जीन, चपला होत्या पण डाव्याच. आणि बायांना खरं जे पाहिजे होतं, आतले कपडे, पॅड, ते त्या ढिगात एक नव्हतं, आणि मागायचं कुणाला, समोर सगळी आमच्यासारखी गडी माणसं.

"एकानं तरी विचारलं का बे, की बाई तुला काय पाहिजे?" शिनू म्हणाला. "द्यायला शंभर जण आले. विचारायला कुणी नाही."

इथं अण्णा बोलले. अण्णा सहसा बोलत नाहीत. म्हणाले, किल्लारीला पण असंच झालं होतं. १९९३, ३० सप्टेंबर, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते आणि पहाटे सगळं खाली आलं. अण्णा तेव्हा विशीतले, इथनं ट्रकवर बसून गेले होते. "कपडे रस्त्याच्या कडंला पडलेले, पावसात भिजायलेले, त्यावरनं गाड्या जायल्या. आम्ही पण एक गठ्ठा नेला होता. कुणाला द्यावं ते कळंना, म्हणून तिथंच टाकून आलो." एवढं बोलून ते ग्लास विसळायला गेले. बत्तीस-तेहतीस वर्षं तो गठ्ठा त्या माणसाच्या डोक्यात आहे.

शिनू हल्ली ज्या पोरांबरोबर काम करतो त्यांची पद्धत मला मनापासून पटली म्हणून जरा सविस्तर लिहितो. त्यांच्याकडं आधी सामान नसतं, आधी वही असते. प्रत्येक वस्तीत एक ओळखीचं माणूस, बहुतेक आशाताई नाहीतर बचत गटाची बाई, कारण कुणाच्या घरी दोन दिवस कुकरची शिट्टी झाली नाही हे तिला न सांगता कळतं. ती सांगते, मग दोघं जण घरी जाऊन येतात, एकटा कधीच नाही, आणि दोघांतली एक बाई असती. वहीत गरज लिहितात, नाव वेगळ्या पानावर. देणाऱ्याला फक्त एवढंच कळतं की आठवीतल्या मुलीला सायकल पाहिजे, शाळा चार किलोमीटर. पैसे सायकलच्या दुकानात जातात, बिल देणाऱ्याला जातं. मुलगी कोण ते त्याला माहीत नाही आणि सायकल कुणी दिली ते मुलीला माहीत नाही.

पक्याला हे भयंकर वाटलं. "म्हणजे आभार पण नाही? शेठनं कुणाच्या डोक्यावर हात ठेवायचा मग?"

"सायकलच्या सीटवर ठेव म्हणावं."

हसलो सगळे, पण शिनू हसला नाही. त्याची आई अजून विड्या वळते. सातवीत असताना शाळेनं त्याला स्टेजवर बोलावलं होतं, माईकवर "आपल्या शाळेतील गरीब विद्यार्थी" म्हणून पूर्ण नाव घेऊन, आणि सहा वह्या दिल्या होत्या, प्रत्येकीवर एका पुढाऱ्याचा चेहरा. आम्ही एका वर्गात होतो, मी टाळ्या वाजवल्या होत्या. परवा त्यानं पहिल्यांदा सांगितलं की त्या वह्यांत त्यानं एक अक्षर लिहिलं नाही. आईनं त्या विडीच्या हिशोबाला वापरल्या.

थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

मग पक्या बोलला, आणि हे त्याचं बरोबर होतं, म्हणून लिहितो. "तुमची वही, तुमची दोन माणसं, सगळं भारी. पण पाणी कमरेला आलं तेव्हा पण वही काढणार का? आमची पोरं पहिल्या रात्री खिचडी घेऊन गेली होती. तुमचे फॉर्म तेव्हा छापून पण झाले नव्हते."

शिनूनं मान्य केलं. पहिले दोन दिवस कुणी कुणाला विचारू नये, खिचडी आणि पाणी घेऊन सुटावं, त्यात पक्याची पोरं सगळ्यात पुढं होती. प्रश्न तिसऱ्या दिवसापासूनचा आहे. "तू तिसऱ्या दिवशी पण खिचडीच वाटायलास बे. पंधरवड्यानं पण खिचडीच."

इक्बाल सिव्हिलसमोरच्या मेडिकलमध्ये असतो. त्याचं म्हणणं वेगळंच, पैसा-सामान हे दुय्यम आहे, माणूस पाहिजे, आणि तो पण मंगळवारी दुपारी. रविवारी काय, वीस जण येतात. त्याच्या काउंटरवर लोक दागिना मोडून आणलेले पैसे मोजतात आणि त्यांना माहीतच नसतं की महात्मा फुले योजनेत घरामागं वर्षाला पाच लाखापर्यंतचा इलाज बसतो. कागद नसतात, आधारवर नाव एक आणि रेशनकार्डावर दुसरं, निराधारचे महिन्याचे दीड हजार एका सहीवाचून अडकलेले. "तिथं एक पोरगं नुसतं शेजारी बसून फॉर्म भरून देईल तर तुझ्या पाचशे किटांएवढं काम हाय ते. पण त्याचा फोटो काय काढणार, पोरगं झेरॉक्सच्या लायनीत उभं हाय म्हणून?"

हे ऐकून मला राहवलं नाही. माझे आप्पा लूमवर होते. २००९ ला ऑपरेशन होतं, एका ट्रस्टच्या दवाखान्यात. त्या दिवशी सकाळी, रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, डॉक्टरांनीच सांगितलेलं, आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचं फळवाटप वॉर्डात आलं. आप्पांच्या हातात दोन केळी दिली, फोटो काढला, पुढच्या कॉटवर गेले. आप्पा ती केळी धरून तसेच बसले, खाता येईना आणि दिलेली खाली ठेवावी तर बरं दिसत नाही. मी रक्ताच्या बाटलीसाठी खाली-वर पळत होतो. बारा-पंधरा तरणी पोरं होती त्या घोळक्यात. एकानं जर विचारलं असतं की काय पाहिजे, तर मी म्हटलं असतं, दंडाची बाही वर कर. त्या दिवशी आमच्या उपयोगी पडली ती झाडू मारणारी मावशी, तिनं सांगितलं खाली समाजसेवा अधीक्षकांना भेट, ट्रस्टच्या दवाखान्याला दहा टक्के खाटा निर्धन माणसांना फुकट आणि दहा टक्के कमी उत्पन्नवाल्यांना निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. तिच्या त्या एका वाक्यानं आमचं घर वाचलं. तिचा फोटो माझ्याकडं नाही, नाव पण विचारायचं राहिलं.

मल्लू म्हणाला हेच फुकटचं प्रकरण त्याला खटकतं, फुकट घेणारा वाकतो. मग शिनूनं गूंजचं सांगितलं, दिल्लीची संस्था, अंशू गुप्तांनी १९९९ ला काढलेली, त्यांना पुढं २०१५ ला मॅगसेसे मिळालं. ते जुने कपडे वाटत नाहीत. गावानं आधी ठरवायचं आपल्याला काय पाहिजे, विहीर, बांध, रस्ता, मग गावानं मिळून ते करायचं, आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे. जुन्या सुती कापडाचे ते बायांसाठी पॅड पण शिवतात. "कपडा तोच बे. पण बाई घरी जाऊन सांगती की मी कमावून आणला."

पक्या बराच वेळ फोनमध्ये बघत होता. मला वाटलं चिडला. तर म्हणाला, "तुमच्या त्या वहीत आता काय काय हाय?"

शिनूनं बघून सांगितलं. एका घरी पत्रे पाहिजेत, आठ. सायकलचं झालं. आणि कुंभारीच्या बाजूला एका म्हातारीला आठवड्यातनं दोनदा डायलिसिसला न्यायचं आहे, मंगळवार आणि शुक्रवार, पहाटे सहाला निघायचं, रिक्षा परवडत नाही.

"टेम्पो आमचा सकाळी दहापर्यंत रिकामाच असतो," पक्या म्हणाला.

"म्हातारीला काय हौद्यात बसवतोस का बे?"

"पुढं बसंल की माझ्या बाजूला. गड्ड्याच्या जत्रेला तुमच्या सगळ्यांच्या आज्ज्या कुणी नेल्या होत्या, ह्याच टेम्पोतनं नेल्या ना?" हे खरं होतं. इक्बालची आजी तर चिवड्याची पुडी मांडीवर घेऊन पुढंच बसली होती, आणि येताना ती उतरायलाच तयार नव्हती.

"लगेच चीनला जाऊन सेवा करणारा डॉक्टर कोटणीस झाला बघा हा," मल्लू.

"पण एक," पक्या म्हणाला आणि पांढऱ्या शर्टाची कॉलर सरळ केली. "डिझेलची पावती मिळंल का?"

"मिळंल की," मल्लू म्हणाला, "२०१४ ची दे, मंगळवारची घेऊन जा."

अण्णांच्या हातातनं गाळणी पडली हसताना. पक्या शिव्या घालत उठला, चहाचे पैसे न देता, आणि गल्लीच्या टोकावरनं ओरडला, "सहाला म्हणजे पाच पन्नासला बे, म्हातारीला सांग!"